बाबांचा स्पेक्ट्रम लॅपटॉपवर: पाढ्यांत आकड्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं का येतात?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

बाबा हायस्कूलला गणित शिकवायचे. १९८७ च्या दिवाळीत त्यांनी डीबी स्पेक्ट्रम प्लस घरी आणला. इंग्लंडच्या सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस आपल्याकडे डेसिबेल्स कंपनी परवान्यावर काढायची, तोच हा. मास्तरांच्या पगारात तेव्हा ही चैनच. आईने त्यावरून काय काय ऐकवलं तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. रात्रीची जेवणं उरकली की टेबलावर ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल टीव्ही, मोनो टेपरेकॉर्डर आणि हे काळं यंत्र मांडलं जायचं आणि माझे पाढे सुरू व्हायचे. पाढे घेणारा प्रोग्रॅम बाबांनी स्वतः लिहिला होता.

आता माळा आवरताना ते यंत्र आणि त्याचे प्रोग्रॅम भरलेल्या चार कॅसेट सापडल्या. एकीवर छापील 'नाट्यगीते' खोडून बॉलपेनने 'पाढे' लिहिलंय. बाबांना तो प्रोग्रॅम पुन्हा बघायचा आहे. मूळ यंत्राला वीज द्यायचं धाडस होईना, म्हणून लॅपटॉपवर फ्यूज नावाचा एम्युलेटर (जुन्या यंत्राचं सोंग वठवणारा प्रोग्रॅम) टाकला. नवऱ्याच्या जुन्या स्टिरिओ डेकच्या हेडफोनमधून वायर काढून लॅपटॉपच्या माइकला जोडली, ऑडॅसिटीत आवाज भरून घेतला आणि फ्यूजच्या साधनांमधलं ऑडिओ-टू-टेप चालवून त्याची टॅप फाइल, म्हणजे एम्युलेटरला वाचता येईल अशी कॅसेटची नक्कल, बनवली. इथपर्यंत व्हिडिओ बघून बघून जमलं.

लोड करताना पडद्यावर आधी 'बाइट्स : अक्षर' असं उमटलं, थोड्या वेळाने 'प्रोग्रॅम : पाढे'. मग रन दिलं, तर हे आलं (पडद्यावर इंग्रजी कॅपिटल अक्षरं आहेत, इथे देवनागरीत लिहितेय):

केएल
सी x डी = ?

काहीतरी दाबायचं म्हणून ६ दाबलं तर 'एमएनओ' असं आलं आणि छोटीशी धून वाजली. पुढचा प्रश्न 'बीएच x ई = ?'. इथे १ दाबलं तर 'पीक्यू' आणि घर्र असा आवाज. बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, "हे माझं नाही. माझ्यात आकडे मराठी होते."

एम्युलेटरमध्ये भाषेचं काही सेटिंग असतं का? की टेप खराब झाल्यामुळे अक्षरं बदलली? बाकीच्या तीन कॅसेट तर 'आर टेप लोडिंग एरर' देऊन थांबतात. आणि मूळ यंत्र सुरू करून बघावं का, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल. बाबांची चिकाटी दांडगी आहे पण सबुरी अजिबात नाही, त्यामुळे जाणकारांनी जरा लवकर प्रकाश टाकावा ही विनंती.

शून्यप्रहर

हा कॅरेक्टर एन्कोडिंगचा घोळ वाटतोय. एम्युलेटरला युनिकोड येत नसेल, म्हणून मराठी आकड्यांच्या जागी जे सापडेल ते दाखवतोय. फॉन्ट बदलून बघा.

आणि रागावू नका, पण एवढा खटाटोप कशासाठी? पाढ्यांचा प्रोग्रॅम पायथनमध्ये चहा गार व्हायच्या आत लिहून होतो, मराठी आकड्यांसकट. हवा असेल तर मी लिहून देतो.

आठवी_ब

अवांतर आहे, पण राहवलं नाही. आमच्या शाळेत १९८४-८५ ला केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर आले होते. खोलीबाहेर चपला काढायच्या, आत गेलं की हाताची घडी. एका यंत्रावर आम्ही चार-पाच जण, म्हणजे एकाचं बोट कीबोर्डवर आणि बाकीच्यांचं त्याच्या बरगडीत. मध्यंतरी जेएसबीब हा बीबीसीचा एम्युलेटर थेट ब्राउझरमध्ये चालतो असं कळलं. उघडला आणि सुरू होतानाचा तो दोन सुरांचा 'ब्रू-बीप' ऐकून शेजारच्या टेबलावरच्या पोराने विचारलं, काका काय झालं.

स्पेक्ट्रमचं मला काही येत नाही. बीबीसीवर कमांड अक्षर-अक्षर टाइप करावी लागायची, स्पेक्ट्रमवर एका बटणात अख्खा शब्द यायचा, एवढंच ऐकून होतो. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

फेराइट_रॉड

वारणाकाठ ताई, प्रोग्रॅम धडधाकट आहे आणि बाबांचंही बरोबर आहे.

तुम्हीच लिहिलेलं परत वाचा. ए म्हणजे शून्य धरा, बी एक, सी दोन, डी तीन. सी x डी म्हणजे बे त्रिक. तुम्ही सहा दाबलंत आणि उत्तर बरोबर निघालं, म्हणून धून वाजली. बीएच x ई म्हणजे सतरा चोक अडुसष्ट. तुम्ही १ दिलंत, घर्र झालं. म्हणजे पीक्यू हे 'चूक' असणार, दोन घरांत बसतं. एमएनओ तीन घरांचं आहे, ते 'शाबास'. वरचं केएल म्हणजे 'पाढे', एका घरात 'पा' आणि दुसऱ्यात 'ढे'. कुठेही काही बिघडलेलं नाही, फक्त मराठी आकड्यांची चित्रं अजून यंत्रात भरलेली नाहीत.

शून्यप्रहर, युनिकोडचा इथे काही संबंध नाही हो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, मास्तरांनी हे त्याच्या आधी केलंय. स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्याला स्वतःची २१ चिन्हं काढता यायची, ए पासून यू पर्यंत. आम्ही त्यांना यूडीजी म्हणायचो. यंत्र चालू केलं की त्या २१ जागांमध्ये ए ते यू हीच कॅपिटल अक्षरं नकलून ठेवलेली असतात. तुम्ही आपली चित्रं भरलीत की ती दिसायला लागतात. प्रोग्रॅममध्ये चित्र साठत नाही, नुसता चिन्हाचा नंबर साठतो, १४४ ते १६४ मधला. चित्रं राहतात रॅमच्या पार शेपटाला, ६५३६८ पासून ६५५३५ पर्यंत. एका चिन्हाला ८ बाइट, २१ चिन्हांना १६८. म्हणून ती वेगळी सेव्ह करावी लागत आणि वेगळी लोड करावी लागत.

तुमच्या टेपवरचं 'बाइट्स : अक्षर' हेच ते १६८ बाइट. तुम्ही नुसतं लोड दिलंत. नुसत्या लोडला फक्त बेसिक भाषेतला प्रोग्रॅम हवा असतो. वाटेत दुसऱ्या जातीची फाइल लागली तर तिचं नाव छापतो आणि तिला हात न लावता पुढे सरकतो. मास्तर आधी अक्षरं भरत असणार, मग प्रोग्रॅम. म्हणूनच टेपवर क्रम तसा आहे. त्यांच्या हाताला ते इतकं सवयीचं झालं असणार की वेगळं सांगायचं सुचलंही नसेल.

तर टॅप फाइल पहिल्यापासून लावा. कर्सरच्या जागी 'के' लुकलुकत असताना जे दाबा, लोड येईल आणि 'के'चा 'एल' होईल. कंट्रोल धरून पी दोनदा, म्हणजे अवतरणचिन्हं आली. आता शिफ्ट आणि कंट्रोल एकदम दाबून सोडा, 'एल'चा 'ई' होतो. मग आय दाबा, कोड हा शब्द उमटेल. (स्पेक्ट्रम प्लसवर या कामाला एक्स्टेंड मोड असं वेगळं बटण होतं, बाबा तेच शोधतील.) एंटर. अक्षर आत गेलं की मग नेहमीचं लोड देऊन पाढे. मधे न्यू दिलंत तरी चालतं, न्यूने यूडीजी पुसत नाहीत. रीसेट मात्र करू नका.

आता हे आकडे काढायचे कसे तेही सांगतो, कारण घरात कुठेतरी चौकटींची वही असणार. आठ बाय आठ घरं. भरलेलं घर १, रिकामं ०. मराठी १ मी असा काढला असता:

००००००००
००१११०००
०१०००१००
०१०००१००
००११११००
०००००१००
००००१०००
०००१००००

प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक बाइट. वरून खाली ०, ५६, ६८, ६८, ६०, ४, ८, १६. हे आठ आकडे डेटाच्या ओळीत लिहायचे आणि लूप फिरवून पोक करायचे, म्हणजे थेट रॅममध्ये लिहायचे. आकड्यांना शिरोरेघ नसते म्हणून ते सुखाने बसतात. खरी कसरत 'ढे' सारख्याला: वरची एक ओळ मात्रेला, एक शिरोरेघेला, उरलेल्या सहा ओळींत ढ चं पोट. मास्तरांनी ते बसवलं असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता कॅसेटकडे येतो, कारण माझा खरा धंदा तो. कोल्हापुरात माझं टेप आणि व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान होतं. कॉम्प्युटर क्लासवाले स्पेक्ट्रम घेऊन यायचे, 'मशीन लोड घेत नाही' म्हणून. मशीन चांगली असायची, टेपचं हेड तिरकं असायचं. आजही तेच. एम्युलेटर काय, डाउनलोड केला की झाला. कॅसेटवरून आवाज नीट उतरवणं हे खरं काम आहे आणि ते आजच करायला हवं, कॅसेट दर वर्षी म्हाताऱ्या होतात.

आधी प्रत्येक कॅसेट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फॉरवर्ड आणि रिवाइंड करा, चिकटलेली टेप मोकळी होते. खिडकीतून आत बघा, मधल्या पितळी पट्टीवर फेल्टचा बारका तुकडा असतो. तो गळाला असेल तर टेप हेडला टेकत नाही आणि आवाज दबका येतो. मग टेपची चकती स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात घालायची. डेकचं हेड आणि पिंच रोलर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा, बोळा काळा व्हायचा थांबेपर्यंत.

मग अझिमथ, म्हणजे हेडचा कोन. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट लावा, सुरुवातीची ती लांबलचक शिट्टी चालू असताना स्क्रू अगदी पाव फेरा इकडे-तिकडे करा. ज्या जागी आवाज सगळ्यात धारदार लागतो, तिथे थांबा. तुमच्या कॅसेट बाबांच्या मोनो टेपवर भरलेल्या आहेत, त्या टेपचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात तुमचं हेड यायला पाहिजे. एक कॅसेट चालली याचा अर्थ ती वेगळ्या वेळी भरलेली असेल, किंवा वेगळ्या टेपवर. प्रत्येकीला स्क्रू परत लावावा लागेल. नवऱ्याला आधी सांगून ठेवा, त्याच्या डेकवर गाणी नंतर मंद वाटतील.

आणखी एक. स्टिरिओ डेकचे डावे-उजवे एकत्र करून मोनो करू नका. हेड जरा जरी तिरकं असलं तर दोन्ही बाजू एकमेकींना मारतात आणि नेमका बारीक आवाज जातो, ज्यात डेटा असतो. ऑडॅसिटीत दोन्ही वेगळे घ्या, दोघांतला जो स्वच्छ आहे तो ठेवा. लॅपटॉपमधली आवाज सुधारणारी सगळी सेटिंगं बंद, गोंगाट कमी करणारं तर आधी बंद. त्याला ही शिट्टी गोंगाटच वाटते. फाइल वेव्ह, ४४,१०० वर. एमपी३ नको.

वेग तपासायचा असेल तर शिट्टीचा सूर मोजा. तो ८०७ हर्ट्झच्या आसपास असायला हवा. एकच्या बिटचा साधारण १०२३, शून्याच्या बिटचा त्याच्या दुप्पट. तुम्हाला ७६० सापडला तर डेकचा बेल्ट सैल आहे; ऑडॅसिटीत तेवढ्या प्रमाणात वेग वाढवला की चालतं. आणि घाबरून जाऊ नका, 'अक्षर'सारखी १६८ बाइटची फाइल शिट्ट्यांसकट नऊ-दहा सेकंदांचा मामला आहे. पुन्हा पुन्हा भरून बघायला काही लागत नाही.

शून्यप्रहर, पायथनवाला प्रोग्रॅम ताईंच्या मुलांना द्या. इथे मास्तरांचा हवाय.

लेस्टरकर

फेराइट_रॉड यांनी सगळं सांगितलंच आहे. यंत्राबद्दल थोडं माझ्याकडून, कारण इकडे इंग्लंडात जुन्या सामानाच्या बाजारात मी तीन-चार स्पेक्ट्रम जळालेले पाहिलेत.

वारणाकाठ, हाताला लागेल तो ९ व्होल्टचा अडॅप्टर त्याला लावू नका. स्पेक्ट्रमच्या पिनचा आतला भाग ऋण असतो आणि बाहेरचा धन. हल्लीचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. शिवाय कीबोर्डखालचा प्लॅस्टिकचा पडदा इतक्या वर्षांत कडक होतो, खोलताना त्याची पट्टी तुटते. टीव्हीला सिग्नल यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर जातो, तो पकडणारा ट्यूनर नव्या टीव्हीत असेलच असं नाही. तेव्हा सध्या माळाच बरा.

रॉमच्या (यंत्रात कायमच्या भरलेल्या प्रोग्रॅमच्या) कायदेशीरपणाची धास्ती कुणाला वाटत असेल तर: सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने विकत घेतला, आणि १९९९ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडतर्फे क्लिफ लॉसन यांनी जाहीर केलं की स्पेक्ट्रमची रॉम एम्युलेटरसोबत वाटायला हरकत नाही, मालकी हक्क त्यांचाच. लिनक्सच्या काही प्रकारांत मात्र रॉमचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं.

एका मशीनवर दुसरी चालवणं हे प्रकरण मला नेहमीच गमतीचं वाटत आलंय. अमिगा ५०० वर लोक स्पेक्ट्रम चालवायचा प्रयत्न करायचे, तो बिचारा रांगायचा. माझी ओळख डॉसवरच्या गर्टन लुंटरच्या झेड८० या एम्युलेटरपासून. त्याने ठरवलेली झेड८० फाइल फ्यूज आजही उघडतो. आत चालतं ते असं: स्पेक्ट्रमच्या प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा किती ठोके घेते हे ठरलेलं आहे, लहानात लहान चार. एम्युलेटर आज्ञा एकेक करून पार पाडतो आणि ठोके मोजत जातो. ६९,८८८ ठोके झाले की पडद्याची एक चौकट पुरी, मग लॅपटॉप थांबतो, कारण खऱ्या यंत्रात हे सेकंदाला ५० वेळाच व्हायचं. ३.५ मेगाहर्ट्झचं सोंग वठवायला लॅपटॉपचा बहुतेक वेळ नुसतं उभं राहण्यात जातो.

चांगले एम्युलेटर तर यंत्राचे अडथळेही उतरवतात. पडदा रंगवणारी यूएलए चिप आणि प्रोसेसर या दोघांना खालची १६ के रॅम एकाच वेळी हवी असली की प्रोसेसरला ताटकळावं लागायचं, तेही मोजून तेवढंच. बाबांच्या प्रोग्रॅमची धून सुरात वाजली ना? स्पेक्ट्रममध्ये सूर काढायला वेगळी चिप नव्हती. प्रोसेसरच लूपमध्ये मोजत बसायचा आणि स्पीकर चालू-बंद करायचा. मोजणीत थोडी जरी गडबड असती तर शाबासकी बेसूर झाली असती.

जाता जाता: फ्यूजमध्ये 'टेप ट्रॅप्स' नावाचा पर्याय सुरुवातीपासून चालू असतो, त्यामुळे लोड क्षणात होतं. तो आणि वेगाने लोड करण्याचा पर्याय बंद केलात की शिट्टीच्या वेळी लाल-आकाशी आणि डेटाच्या वेळी निळे-पिवळे पट्टे कडेला पळताना दिसतात. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर तुम्ही ते कधी पाहिलेच नसतील.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी कोडवालं लोड, मग साधं लोड. पडद्यावर 'पाढे' आलं, खाली २ x ३ = ?, तेही मराठीत. फेराइट_रॉड काका, तुम्ही न बघता लिहिलेलं सगळं बरोबर निघालं, फक्त पीक्यू हे 'चुक' आहे. दीर्घ ऊकार घरात मावला नाही असं बाबा म्हणाले, आणि "मराठीच्या बाईंनी तेव्हाही बोलून दाखवलं होतं" असं पुटपुटले. 'ढे' बद्दलचा तुमचा नमस्कार पोचवला. त्यांनी तो घेतला. बाई काही का म्हणेनात.

लोड इतकं पटकन झालं की त्यांचा विश्वासच बसेना. म्हणाले, टेप तर फिरलीच नाही, हे तू आधीच भरून ठेवलंयस. मग लेस्टरकर यांनी सांगितलेला पर्याय बंद केला. शिट्टी सुरू झाल्यावर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आणलंत का परत ते?" पट्टे रंगीत असतात हे बाबांनाही माहीत नव्हतं.

हेड पुसून आणि स्क्रू फिरवून (नवऱ्याला नंतर सांगितलं) दोन कॅसेट आणखी निघाल्या. एकीवर बाबांचं नववीच्या गुणपत्रिकांचं काहीतरी आहे, त्यात मुलांची नावं आणि मार्क आहेत म्हणून ते इथे देत नाही. दुसरीवर मासिकातून बघून टाइप केलेला साप-शिडीचा खेळ. चौथी अजून अडून बसलीय. उजव्या बाजूने भरून बघितलं तेव्हा 'बाइट्स' एवढं आलं आणि पुढे नाव अर्धवट.

शून्यप्रहर, तुमच्याकडून पायथनवाला खरंच हवाय, धाकट्याला सतराचा पाढा येत नाही. त्याने बाबांचा प्रोग्रॅम चालवून बघितला आणि विचारलं की यात लेव्हल कुठे आहेत.

आता दोन अडचणी. चौकटींची वही सापडली, तुमचा अंदाज अचूक. तिच्यात ७ चं चित्र आणि पडद्यावरचा ७ यांत एका ठिपक्याचा फरक आहे, वरून सहाव्या ओळीत. बाबांना तो लगेच दिसला. डेटा टाइप करताना तेव्हाच राहिला होता आणि कधीतरी दुरुस्त करू म्हणून तसाच राहिला म्हणे. त्यांना तो आता दुरुस्त करायचाय. त्याशिवाय प्रोग्रॅमचं लिस्टिंग कागदावर हवंय, चष्मा लावून वाचायला. तेव्हा प्रिंटर घ्यायला पैसे नव्हते.

फेराइट_रॉड

ऱ्हस्व 'चु' चालवून घ्या, आठ घरांत मास्तरांनी जे केलंय ते कमी नाही.

७ म्हणजे एच. यूएसआर "एच" म्हणजे त्या चित्राचा रॅममधला पत्ता, तेव्हा सहावी ओळ म्हणजे यूएसआर "एच" अधिक ५, मोजणी शून्यापासून असते म्हणून. आधी तिथे काय आहे ते प्रिंट पीक करून बघा. जो आकडा येईल त्यात राहिलेल्या ठिपक्याची किंमत मिळवायची. घरांच्या किमती उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, मास्तरांना हे सांगायला नको. बेरीज झाली की त्याच जागी पोक. पडद्यावर आधीच छापलेला ७ बदलणार नाही, पुढचा छापाल तो नवा येईल. मग नवी रिकामी टॅप फाइल उघडून 'अक्षर' कोडसकट यूएसआर "ए" पासून १६८ बाइट सेव्ह करा, लगेच 'पाढे'ही त्याच फाइलवर. जुन्या टॅप आणि वेव्ह फाइलला हात लावू नका, ती दुसऱ्या कुठल्यातरी डिस्कवरही ठेवा.

कागदाचं सोपं आहे. फ्यूजमध्ये झेडएक्स प्रिंटर जोडलाय असं दाखवायचा पर्याय आहे. तो चालू करा, 'ई' आणून व्ही दाबा, एल-लिस्ट येईल. जे छापलं जाईल ते लॅपटॉपवर फाइल म्हणून साठतं. चित्राची फाइल घ्या, त्यात मराठी आकडे दिसतील तसे उतरतात. पण आधी 'अक्षर' लोड असू द्या, नाहीतर कागदावर परत ए बी सी. मूळ प्रिंटरचा कागद चंदेरी आणि चार इंचांचा होता, ओळीला ३२ अक्षरं. एवढ्या बारीक चित्राचा प्रिंट काढताना ते ताणून मोठं करा.

चौथ्या कॅसेटची सुरुवातीची वीसेक सेकंदं वेव्हमध्ये भरून निरोपातून पाठवा, डावी आणि उजवी वेगळी. नाव अर्धवट येतंय म्हणजे शिट्टी पकडली जातेय आणि डेटाला गडबड होतेय. माझ्या मते टेपला तिथे घडी पडलीय, पण ऐकल्याशिवाय सांगत नाही.